रत्नागिरी आणि अफूच्या व्यसनावरील औषधे: परवान्यापासून जिभेखालच्या गोळीपर्यंत

अफू, मॉर्फिन, हेरॉइन आणि त्याच जातीची वेदनाशामके यांच्या व्यसनावर औषध देऊन उपचार करण्याचा रत्नागिरी जिल्ह्यातला इतिहास एका जागी सापडत नाही. तो तीन ठिकाणी विखुरला आहे: रत्नागिरी शहरातले मनोरुग्णालय, जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली ते मुंबईचे गिरणगाव आणि अफूच्या दुकानांना परवाने देणारे अबकारी खाते. तिन्ही ठिकाणी प्रश्न मात्र एकच होता. व्यसन जडलेल्या माणसाला लागणारा पदार्थ कोणी द्यायचा, किती द्यायचा आणि कोणाच्या नजरेसमोर द्यायचा? गेल्या दीडशे वर्षांत औषधे बदलत गेली, पण या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने दिले त्याहून अधिक वेळा कायद्याने दिले. १९८१ पर्यंतच्या काळासाठी इथे रत्नागिरी म्हणजे आजचा सिंधुदुर्ग पोटात असलेला जुना जिल्हा समजावा, त्यानंतरच्या काळासाठी आजचा जिल्हा.

कोकणच्या जांभ्या जमिनीत खसखस पिकत नाही. किनाऱ्यावर अफू आली ती माळव्यातून. माळव्याची अफू पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून परस्पर चीनला जाऊ लागली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने १८३० च्या सुमारास पेटीमागे शुल्क घेऊन ती मुंबईमार्गे नेण्याचे पास द्यायला सुरुवात केली. या व्यापारातून मुंबईत मोठ्या संपत्ती उभ्या राहिल्या. १८४५ साली सुरू झालेल्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाच्या देणगीदाराची संपत्तीही बऱ्याच अंशी चीनच्या व्यापारातून आली होती आणि त्या व्यापारात अफू हा मोठा जिन्नस होता. कोकणातला रोगी बोटीने मुंबईला जाऊन ज्या रुग्णालयाच्या दारात उभा राहत असे, त्याच्या पायाला अफूचा पैसा लागला होता, ही गोष्ट त्या काळी कोणाला विसंगत वाटल्याचे दिसत नाही.

वाटण्याचे कारणही नव्हते, कारण अफू हे तेव्हा औषधच होते. अहिफेन या नावाने ती शार्ङ्गधरसंहितेपासून आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे. अतिसार, जुनाट खोकला आणि न सोसणारी वेदना यांवर वैद्य, हकीम आणि डॉक्टर तिघेही तीच देत. १८७८ च्या अफू कायद्याने पिकवणे, बाळगणे, नेणे आणि विकणे या सगळ्यांना परवाना लागू झाला. दुकानांचे मक्ते दिले जात आणि गिऱ्हाइकाला ठराविक तोळ्यांपर्यंत अफू विकत घेऊन घरी ठेवता येई. वैद्याची चिठ्ठी लागत नसे. औषधाला घेणारा आणि सवयीने घेणारा एकाच दुकानात, एकाच तागडीसमोर उभा असे आणि दोघांत फरक करण्याची सरकारला गरज वाटत नव्हती, कारण महसूल दोघांकडून सारखाच येत होता.

रत्नागिरीचे मनोरुग्णालय उघडले ते १८८६ साली. त्याच वर्षी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत आला. ब्रह्मी राजे आपल्या बौद्ध प्रजेला अफूची मनाई करत, आणि त्या घराण्याचा शेवटचा राजा जिथे येऊन पडला त्या मुंबई इलाख्यात अफू सरकारी परवान्याने विकली जात होती. थिबाची कहाणी रत्नागिरीत सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी उघडलेल्या मनोरुग्णालयाचे नाव शहराने मात्र बराच काळ फक्त थट्टेसाठी वापरले.

तेव्हाचे हे वेड्यांचे इस्पितळ १८५८ च्या कायद्याखाली चालणारी संस्था होती. माणूस तिथे स्वतःहून येत नसे, त्याला आणले जाई. बहुतेकदा पोलीस आणत आणि दंडाधिकारी हुकूम देत. नोंदवहीत वेडाचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असे. कारण माहीत नसले की त्यात काहीतरी भरावे लागे आणि पुष्कळदा गांजाचे नाव भरले जाई. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभरातल्या अशा इस्पितळांच्या नोंदी तपासल्या. मुंबई इलाख्यात अशी इस्पितळे कुलाबा, पुणे, अहमदाबाद, धारवाड, हैदराबाद (सिंध) आणि रत्नागिरी इथे होती. नोंदीतला गांजा पुष्कळदा ऐकीव माहितीवर किंवा पोलिसांच्या कागदावरून लिहिलेला असतो, त्यामागे तपास नसतो, असा कमिशनचा निष्कर्ष होता. अफूची गोष्ट वेगळी होती. अफू खाणारा सहसा भ्रमिष्ट होत नाही. रोजची मात्रा मिळत राहिली तर तो शेतावर जातो, होडी वल्हवतो, दुकान सांभाळतो. म्हणून इस्पितळाच्या वहीत अफूचे नाव कमी आणि अबकारी खात्याच्या वहीत जास्त, अशी वाटणी झाली. गांजावाला डॉक्टरकडे आणि अफूवाला दुकानदाराकडे, ही ती वाटणी. अफूच्या व्यसनाला रोग मानायला जो उशीर झाला, त्याचे एक मूळ इथे आहे.

त्याच सुमारास, १८९३ मध्ये, ब्रिटिश संसदेच्या दबावाने लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली अफूवर शाही आयोग नेमला गेला. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागडचे दिवाण राहिलेले हरिदास विहारीदास देसाई हे त्याचे दोन हिंदी सदस्य. आयोगाने १८९४ मध्ये मुंबईतही साक्षी घेतल्या आणि १८९५ मध्ये अहवाल दिला. बेताने अफू खाणाऱ्यांचे त्यामुळे फारसे बिघडत नाही, असा त्याचा एकूण सूर होता. उपचाराच्या दृष्टीने या साक्षींतला लक्षवेधी भाग तुरुंगांचा आहे. तुरुंगात आलेल्या अफूबाजाची अफू एकदम तोडावी की हळूहळू कमी करावी, यावर तुरुंगाचे डॉक्टर बोलले आहेत. एकदम तोडली तरी कैदी सहसा मरत नाही, हा त्यांचा अनुभव होता आणि तो वैद्यकीयदृष्ट्या बरोबरही आहे. अफू तोडल्यावर होणारा त्रास सहसा जिवावर बेतत नाही. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, हातापायांत गोळे आणि झोप उडणे हे सारे आठवड्याभरात ओसरते. पण माणूस मरत नाही म्हणजे तो बरा झाला, असे धरून चालण्याची चूक याच अनुभवातून रूढ झाली आणि पुढची शंभर वर्षे टिकली. सुटून आलेला कैदी पुन्हा दुकानाकडे वळतो की नाही, हे तुरुंगाच्या डॉक्टरला पाहावे लागत नव्हते.

याच काळात बाजारात अफू सोडवण्याची औषधे म्हणून जी पेटंट गोळ्या-चूर्णे विकली जात, त्यांतल्या अनेकांत मॉर्फिनच असे. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉइन खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले, तेव्हा मॉर्फिनच्या व्यसनावरही ते उपयोगी पडेल असे काही डॉक्टरांना वाटले. एका अफूची जागा दुसऱ्या अफूने घेण्याचा हा प्रयोग फसला, कारण तो मोजून-मापून, देखरेखीत झाला नाही. पुढे याच कल्पनेतून चांगले उपचार निघाले, पण तिच्यावरचा संशय काही गेला नाही.

रत्नागिरी जिल्ह्याचा अफूशी खरा संबंध आला तो मात्र जिल्ह्याबाहेर. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या, पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसांची संख्या दोन लाखांच्या वर होती, म्हणजे शहरातला साधारण दर पाचवा माणूस. गिरणीतले खाते, चाळीतली खोली, गावी जाणारी मनीऑर्डर आणि शिमग्या-गणपतीला भाऊच्या धक्क्यावरची गर्दी, या चौकटीत जिल्ह्याचे निम्मे आयुष्य चालत होते. बायकाही गिरणीत जात, विशेषतः सूत गुंडाळणीच्या खात्यात. दहा-दहा तासांच्या पाळीत तान्ह्या मुलाचे करायचे काय? त्याला बाळगोळी द्यायची. सहाणेवर उगाळून देतात त्या बाळगुटीशी तिचा संबंध नाही. बाळगोळीत अफू असे. गोळी घेतलेले मूल दिवसभर निपचित पडे आणि शेजारणीला सांभाळायला सोपे जाई.

१९२२ च्या सुमारास डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी मुंबई सरकारसाठी गिरण्यांतल्या स्त्री-कामगारांच्या बाळंतपणांची पाहणी केली. कामगार स्त्रियांच्या जवळजवळ सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे तीत नोंदले गेले. त्या पाहणीने मोठी खळबळ उडाली. आयांना दोष देणे सोपे होते आणि तो दिलाही गेला. पण परवान्याच्या दुकानातली अफू, पाळणाघराशिवायची गिरणी आणि अपुरी मजुरी हे तिन्ही एकत्र आले की बाळगोळी आपोआप येते. तिच्यावरचा उपाय औषधाचा नव्हताच, तो पाळणाघराचा होता. पुढे काही गिरण्यांनी पाळणाघरे काढली आणि दुकानांवर निर्बंध आले, तेव्हा बाळगोळी ओसरू लागली. अफूच्या प्रश्नात डॉक्टरवाचून सुटलेला असा भाग दुसरा क्वचितच सापडेल.

त्या दशकात अफूचा प्रश्न जागतिक झाला. राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी दहा हजार माणसांमागे वर्षाला सहा शेर अफू हे औषधापुरते माप ठरवले. मुंबई शहराचा खप त्याच्या कितीतरी पट होता. सी. एफ. अँड्र्यूज यांनी १९२६ च्या आपल्या पुस्तिकेत असेच आकडे मांडून सरकारला जाब विचारला. गांधीजींच्या मद्यपानविरोधी चळवळीचा रोख अफूच्या दुकानांवरही होता. १९३० च्या घातक औषधांच्या कायद्याने आणि १९३६ च्या मुंबई अफू-धूम्रपान कायद्याने वेढा आवळला. चंडू आणि मदक या रूपांत अफू ओढण्याचे अड्डे आधीच बदनाम होते. मराठीत ‘चंडूखान्यातली बातमी’ हा शब्दप्रयोग त्यांनीच दिला. आता ते बेकायदाही झाले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये अखिल भारतीय अफू परिषद भरली. औषधी आणि वैज्ञानिक उपयोगाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत संपवायचा, असे ठरले. राज्यांना मिळणारा अफूचा पुरवठा टप्प्याटप्प्याने कमी झाला आणि १ एप्रिल १९५९ पासून सवयीसाठी अफू विकणे बंद झाले. पण जुन्या अफूबाजांचे काय? त्यांच्यासाठी नोंदणी ठेवली गेली. वैद्यकीय तपासणी झालेल्या माणसाला परवाना मिळे आणि त्यावर महिन्याला ठराविक अफू.

या परवान्याकडे आजवर केवळ अबकारी तरतूद म्हणून पाहिले गेले. नीट पाहिले तर तो उपचारच होता. व्यसनीची तपासणी, मात्रेची निश्चिती, शुद्ध मालाचा सरकारी पुरवठा, वहीत नोंद आणि काळ्या बाजारापासून सुटका ही आजच्या देखभाल-उपचाराची (मोजून औषध दीर्घकाळ देत राहण्याच्या पद्धतीची) सगळी अंगे त्यात आहेत. फक्त दोन गोष्टी नव्हत्या. परवाना घेणाऱ्याला कोणी रुग्ण म्हणत नव्हते आणि तहसील कचेरीतला कारकून त्याला बरे करण्याच्या हेतूने वही ठेवत नव्हता. म्हातारे परवानेदार एकेक करून मरावेत आणि वही बंद व्हावी, एवढीच योजना होती. त्याआधी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकशाळेतल्या रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफूबाजांवर लेसिथिन आणि ग्लुकोज देऊन अफू सोडवण्याचे प्रयोग केले होते. ते अफू सोडवण्याच्या त्या चार-आठ दिवसांपुरते होते. नंतरच्या महिन्यांसाठी त्या उपचारात काही नव्हते.

त्या नंतरच्या महिन्यांचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळाले. महायुद्धाच्या थोडे आधी जर्मनीत मेथाडोन नावाचे वेदनाशामक तयार झाले होते. १९६४ मध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी ते हेरॉइनच्या व्यसनींना रोज तोंडाने द्यायला सुरुवात केली. मेथाडोन सावकाश चढते आणि सावकाश उतरते. म्हणून दिवसातून एकदा घेतले की ओढ दबते, नशेची भरती-ओहोटी थांबते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. डोल यांचे म्हणणे असे होते की दीर्घकाळच्या हेरॉइनने शरीरात जो बदल होतो तो मधुमेहासारखा टिकाऊ असतो, म्हणून औषधही बराच काळ लागते. ही कल्पना पाश्चात्त्य देशांत वादग्रस्त ठरली. भारतात ती पोचायला जवळजवळ तीस वर्षे लागली आणि त्या तीस वर्षांतच गर्द आली.

१९७९ नंतर इराणमधली क्रांती, अफगाणिस्तानातले युद्ध आणि पाकिस्तानातली अफूबंदी यांनी त्या पट्ट्यातली अफू हेरॉइनच्या भट्ट्यांकडे वळवली. १९८० च्या दशकाच्या आरंभी तपकिरी, अशुद्ध हेरॉइन स्वस्तात मुंबईत उतरू लागले. लोकांनी त्याला गर्द म्हटले आणि ओढणाऱ्याला गर्दुल्ला. पन्नीवर पूड ठेवायची, खालून काडी धरायची आणि धूर नळीने ओढायचा. पुडी मिळाली नाही की जी अवस्था येते तिला टर्की म्हणतात. गिरणगावात गर्द शिरली तेव्हाच, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संपामुळे गर्द आली असे म्हणता येणार नाही. ती मलबार हिलच्या कॉलेजकुमारांपर्यंतही गेली होती. पण बापाची गिरणी बंद आणि मुलाला नोकरी नाही अशा चाळीत तिला अडवायला फारसे कोणी उरले नव्हते.

मग कोकणातल्या घरांनी आपला एक उपचार काढला. मुलाला गावाला पाठवायचे. मामाच्या किंवा काकाच्या घरी, जिथे पुडी मिळत नाही आणि कोणी ओळखीचे गिऱ्हाईक भेटत नाही. आंब्याच्या बागेत काम, विहिरीचे पाणी, तीन-चार महिने. टर्की त्यात निघून जाई आणि मुलगा अंगाने भरे. त्याला बरा समजून मुंबईला परत आणले जाई. या गावठी उपचारातला धोका त्या वेळी कुटुंबांना सांगणारे कोणी नव्हते. काही आठवडे पुडी थांबली की शरीराची सहनशक्ती उतरते. परत आलेल्या माणसाने जुन्याच मापाने ओढले किंवा टोचले तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. औषधाविना व्यसन सोडल्यानंतरचा काळ हाच सगळ्यात धोक्याचा असतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुढे वारंवार दिसले. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडेही याच कारणाने घातक असतात.

महाराष्ट्राला गर्दची ओळख करून देण्याचे काम डॉ. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या लेखमालेने आणि पुस्तकाने केले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याआधी १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन काढले होते. या संस्थांनी व्यसनीला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून माणसांत आणले, आणि हे त्यांचे काम मोठे आहे. त्यांची वाट मात्र नशा पूर्ण वर्ज्य करण्याची होती. समूहात राहणे, एकमेकांचे ऐकणे, दिनक्रम आणि घरच्यांचा सहभाग ही तिची अंगे. औषध टर्कीपुरते. महाराष्ट्रात ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द या वाटेशी इतका एकजीव झाला, की रोज गोळी घेऊन नीट जगणाऱ्याला मुक्त म्हणायचे की नाही, हा वाद आजही संपलेला नाही.

कायद्याने त्याच वेळी उलट दिशा धरली. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम लागू झाला. सेवन हाही त्यात गुन्हा ठरला. थोडा दिलासा होता तो असा की न्यायालय व्यसनीला शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते आणि नंतरच्या दुरुस्त्यांतून आलेल्या कलम ६४-अ प्रमाणे, स्वतःहून सरकारमान्य उपचार घेणाऱ्या व्यसनीवर अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यासाठी खटला चालत नाही. या कलमाची माहिती ठेवणारी कुटुंबे अजूनही थोडीच. पुडीसह पकडल्यावर वकील गाठण्याआधी डॉक्टर गाठला असता तर फायदा झाला असता, अशी प्रकरणे त्यामुळे राहून जातात.

भारतातल्या औषधोपचाराचा कणा ठरले ते ब्युप्रेनॉर्फिन. इंग्लंडमधल्या रेकिट अँड कोलमन कंपनीत १९६० च्या दशकात ते वेदनाशामक म्हणून शोधले गेले. १९७८ मध्ये अमेरिकेत डोनल्ड जासिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनोपचारासाठी त्याची शिफारस केली. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर हेरॉइन बसते त्यावरच ते बसते, हेरॉइनपेक्षा घट्ट बसते, पण त्याला अर्धेच चेतवते. परिणामी ओढ थांबते, नशा फारशी येत नाही आणि मात्रा वाढवत नेली तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपलीकडे सहसा वाढत नाही. भारतात १९८० च्या दशकात ते इंजेक्शनच्या रूपात वेदनेसाठी आले आणि लगोलग त्याचीच सुई टोचण्याचे प्रकार दिल्ली, कोलकाता, पंजाब इथे सुरू झाले. औषध उपचार म्हणून मान्य होण्याआधीच त्याची बदनामी झाली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने आणि शरण या स्वयंसेवी संस्थेने १९९० च्या दशकात जिभेखालच्या गोळीचा देखभाल-उपचार सुरू केला. १९९९ च्या सुमारास व्यसनोपचारासाठी जास्त ताकदीच्या गोळ्या बाजारात आल्या, पण औषधाच्या दुकानात नव्हे. त्या फक्त व्यसनोपचार केंद्रांना पुरवायच्या, अशी अट होती.

गोळी देण्याची रीत नेमकी आहे. रुग्णाने शेवटची पुडी घेऊन साधारण बारा तास उलटलेले असावेत आणि टर्कीची लक्षणे डोळ्यांना दिसत असावीत. त्याआधी गोळी दिली तर ती हेरॉइनला रिसेप्टरवरून ढकलून बाहेर काढते आणि टर्की एकदम उसळते. असा अनुभव आलेला रुग्ण पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही. पहिल्या दिवशी २ ते ४ मिलिग्रॅम देऊन तासा-दोन तासांनी पाहतात, गरज लागली तर वाढवतात. बहुतेकांची रोजची मात्रा ८ ते १६ मिलिग्रॅमपर्यंत स्थिरावते. गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत थांबायचे, गिळायची नाही, कारण गिळली तर तिचा बराचसा भाग वाया जातो. गोळी विरघळवून टोचली जाऊ नये म्हणून तिच्यात चारास एक या प्रमाणात नालॉक्सोन मिसळतात. जिभेखाली नालॉक्सोनचा फारसा परिणाम होत नाही, सुईने मात्र ते टर्की आणते. उपचार किती काळ चालवायचा याला ठराविक मुदत नाही. वर्ष, दोन वर्षे, कित्येकदा अधिक. घाईने मात्रा तोडलेल्यांतले बरेच पुन्हा पुडीकडे जातात.

मेथाडोनची पद्धत अधिक सावध. ते पहिल्या दिवशी २० ते ३० मिलिग्रॅमवर सुरू करून हळूहळू वाढवावे लागते, कारण ते शरीरात साठत जाते आणि पहिल्या दोन आठवड्यांतली घाई जिवावर बेतू शकते. भारतात त्याचा वापर २०१२ पासून मोजक्या केंद्रांवर सुरू झाला, त्यांत मुंबईचे केईएम रुग्णालय होते. अमली कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मेथाडोन ‘अत्यावश्यक अमली औषधां’च्या यादीत आले आणि परवान्यांचा गुंता थोडा सुटला. तिसरे औषध नाल्ट्रेक्सोन. ते रिसेप्टर चेतवत नाही, अडवून धरते. आठ-दहा दिवस पूर्ण कोरडे राहिल्यावरच ते सुरू करता येते, म्हणून घरची देखरेख भक्कम असलेल्यांनाच ते मानवते.

मुंबईत गोळीच्या उपचाराला वेग आला तो एचआयव्हीच्या भीतीने. एकाच सुईने अनेकांनी टोचून घेतल्याने संसर्ग पसरत होता. १९९५ पासून संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने रस्त्यावरच्या गर्दुल्ल्यांत काम सुरू केले आणि २००७ नंतरच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने ब्युप्रेनॉर्फिन-उपचाराला सरकारी पैसा आणि नियमावली दिली. टोचणाऱ्यांसाठी आखलेल्या त्या नियमावलीचा गाभा असा होता की रुग्णाने रोज केंद्रावर यावे आणि परिचारिकेच्या समोर गोळी घ्यावी.

रत्नागिरीच्या दृष्टीने सगळी अडचण ‘रोज’ या शब्दात आहे. दक्षिण कोकणचे एकमेव प्रादेशिक मनोरुग्णालय आजही रत्नागिरीतच आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत, म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी यांत, ते सगळ्यात लहान, ३६५ खाटांचे. २०२३ पासून शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. पण जिल्हा उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर लांब आहे, मध्ये खाड्या आणि घाट. मंडणगडच्या किंवा राजापूरच्या गावातून रोज एका गोळीसाठी रत्नागिरी गाठायची तर मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही जातील. मुंबईत लोकलने वीस मिनिटांवर केंद्र आहे असे धरून केलेला नियम नऊ तालुक्यांच्या डोंगराळ जिल्ह्याला जसाच्या तसा लावणे हा उपचार नव्हे, उपचाराची सोय असल्याचा देखावा आहे. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांचे जाळे उभारून स्थिरावलेल्या रुग्णांना घरी गोळ्या देण्याची वाट धरली. तिथेही गोळ्या बाहेर विकल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या, पण रांगा वाढल्या त्या उपचाराच्या.

दुसऱ्या टोकाला गरज वाढते आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अफूवर्गीय पदार्थ घेणारे देशात सुमारे सव्वादोन कोटी आणि त्यामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख, असा अंदाज आला. त्यांतले निम्म्याहून अधिक आठ राज्यांत होते आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक. गर्दच्या जोडीला आता डॉक्टरी गोळ्याही आहेत. ट्रॅमाडोल २०१८ मध्ये अमली कायद्याखाली आणावे लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटे वाहून आली आणि पुष्कळ बोलबाला झाला. चरस अफूच्या जातीचा नाही आणि त्याच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषधही नाही. गर्दवर ते आहे, आणि नेमके तेच जिल्ह्याच्या चर्चेत क्वचित येते.

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित आजारांचा मानसिक आजारांत समावेश केला आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून त्यांवर उपचार मिळणे हा त्या कायद्याने हक्क ठरला. ब्युप्रेनॉर्फिन सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. हक्क कायद्यात आहे आणि औषध यादीत आहे. आता ती गोळी जिल्हा रुग्णालयाच्या पलीकडे, चिपळूण-खेड-राजापूरच्या उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोचवणे, आणि स्थिरावलेल्या रुग्णाला आठवड्याच्या गोळ्या घरी नेऊ देणे, एवढा निर्णय राज्याच्या आरोग्य खात्याने घ्यायला हवा.